मामंजींना कोण सांगणार?

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी मस्ट, शुड, ऑट टू आणि हॅव टू शिकवते आणि दरवर्षी हरते. पुस्तकात सगळं सोपं दिलेलं असतं. केल्यावाचून सुटका नाही तिथं मस्ट, केलं तर बरं तिथं शुड. सक्ती वेगळी, सल्ला वेगळा. फळ्यावर दोन रकाने आखून मी म्हणते, आता आपापली वाक्यं करा. आष्ट्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची पोरं माना खाली घालून लिहायला लागतात आणि मस्टचा रकाना भरून वाहतो. शुडच्या रकान्यात चिटपाखरू नसतं. यू मस्ट कम टू माय अंकल्स मॅरेज. यू मस्ट ईट वन मोअर भाकरी. एका मुलीनं तर लिहिलं होतं, यू मस्ट नॉट गो विदाउट टी, माय मदर विल फील बॅड.

"अगं, चहा न पिता गेलं तर पोलीस धरतात का? मग ही सक्ती कशी?" मी विचारलं. तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"मॅडम, आमच्यात घेतल्याबिगर सोडतच न्हाईत."

खरंच सोडत नाहीत. आमच्याकडं मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही ‘जेवूनच जायचं’ असं दरडावतात. तो ‘नको, आत्ताच झालंय’ म्हणतो आणि दोघंही समाधानानं आपापल्या कामाला लागतात. दरडावणाऱ्याला ठाऊक असतं की हा थांबणार नाही, आणि जाणाऱ्याला ठाऊक असतं की भाकरी टोपलीत मोजक्याच आहेत. पण दरडावलं नाही तर मात्र वर्षभर नाव निघतं.

या वह्या मी घरी आणून सोप्यातल्या टेबलावर ठेवायचे. माझ्याआधी त्या मामंजी तपासायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. गावाला वाटतं त्यांनी सगळी हयात सीमेवर बंदूक चालवण्यात घालवली. बंदूक त्यांनी चालवली, नाही असं नाही, पण वर्षातून एकदा, सरावाच्या चांदमारीला. बाकी सगळी नोकरी टाइपरायटरपुढं गेली. ते पलटणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. पारावर कुणी विचारलं, "आवं सुभेदार, किती लोळवलं?" तर ते मिशीवरून बोट फिरवून म्हणायचे, "त्ये सांगायचं नसतंय." यात खोटं काहीच नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच, तर सांगणार काय?

एका संध्याकाळी त्यांनी सगळी वाक्यं वाचून काढली आणि चष्मा काढून वह्यांना म्हणाले, "पोरांस्नी ह्ये असलं शिकवू ने. मस्ट म्हंजे हलका शब्द. ज्येचं कुणी ऐकत न्हाई, त्यो मस्ट म्हणतो."

मग त्यांनी, अजून वह्यांनाच, आपल्या साहेबांचं सांगितलं. हे साहेब त्यांना दोनदा लाभले. एकदा तरुणपणी कॅप्टन असताना आणि पुढं पलटणीचे मुख्य होऊन आले तेव्हा. या साहेबांनी कुणाला कधी मस्ट लिहिलं नाही. ‘यू मे लाइक टू’ लिहायचे. आपणांस वाटल्यास अमुक करावे. "आन् सायबाला वाटल्यास म्हंजे काय वाटतंय, ह्ये आख्ख्या पलटणीला ठावं. कागद हातात पडला की च्याचा कप तसाच ठेवून पळायचं."

मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकत होते. मनात म्हटलं, बी.एड. मी केलंय की यांनी?

‘वह्यांना म्हणाले’ असं मी लिहिलं ते उगाच नाही. आमच्या घरी सासऱ्यानं सुनेशी आणि सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची पद्धत नाही. मी वडूजच्या बाजूची. आमच्याकडं पाणी कमी आणि माणसं तुटक. बापाला काय सांगायचं ते लेक तोंडावर सांगून मोकळी होते. इकडं उसाच्या मुलखात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं, "मामंजींच्या म्होरं बोलायचं न्हाई. काय आसंल ते मला सांगायचं." मग मी त्यांना सांगायची, त्या मामंजींना सांगायच्या. मामंजी चार हातांवर बसलेले असायचे आणि त्यांना सगळं पहिल्याच वेळी ऐकू गेलेलं असायचं. तरी ते दुसऱ्यांदा सांगितल्यावरच मान हलवायचे.

सासूबाई गेल्या आणि हे खातं माझ्या लेकीकडं आलं. ती निरोपात आपल्या पदरचा मीठमसाला घालायची. मी म्हणायची, आजोबांना सांग गार पडलंय, स्वेटर घाला. ती सांगायची, आजोबा, आई म्हणते स्वेटर घातला नाही तर चहा मिळणार नाही. मग ती कऱ्हाडला इंजिनिअरिंगला गेली, हॉस्टेलवर. नवरा सकाळी सांगलीला हळदीच्या पेढीवर कामाला जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. उरले मी, मामंजी आणि दारातली म्हैस. लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे. आमच्याकडं म्हशी बोले सासऱ्या लागे. "काय गं, गोळी घेतली का न्हाई कुणी?" असं मी म्हशीला विचारायची आणि मामंजी सोप्यातून तिलाच उत्तर द्यायचे, "घेतली म्हणावं." म्हैस रवंथ करायची. तिच्याइतका विश्वासू निरोप्या या घराला आजवर मिळाला नव्हता.

हसू येतं खरं. पण दिवसभर चाळीस पोरांना काय करावं आणि काय करू नये हे दोन भाषांतून सांगणारी बाई मी. घरी आल्यावर एका माणसाला ‘गोळी घ्या’ एवढं म्हणायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली तेव्हा मामंजी रानात निघाले आणि निम्म्या वाटेत बांधावर बसले. मी शाळेतून येत होते. दुरून वाटलं कुणाशी गप्पा मारायला टेकलेत. जवळ गेले तर तोंड पांढरंफटक आणि हात छातीवर. माझ्याकडं बघून त्यांनी फक्त मान हलवली, काही नाही अशा अर्थानं. मी स्कूटर तिथंच टाकली आणि नवऱ्याला फोन केला.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हृदयाच्या तीन शिरा बंद होत आल्या होत्या. बायपास करावं लागेल, महिन्याच्या आत, उशीर केला तर मी जबाबदार नाही, असं ते म्हणाले. मामंजींनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

बाहेरच्या माणसाला वाटेल की हा माणूस विचार करतोय. आमच्या भागात ‘बघू’ म्हणजे विषय संपला. पोरीचं स्थळ नापसंत असलं की बघू, भावकीला बांध सरकवून द्यायचा नसला की बघू. ‘न्हाई’ म्हटलं तर पुढं वाद घालता येतो. बघूपुढं कुणाचं काही चालत नाही.

महिन्यातले दिवस जायला लागले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकजण येताना एकेक उपाय घेऊन आला. लसणीच्या दोन पाकळ्या उपाशीपोटी खाल्ल्याच पाहिजेत. अर्जुनाची साल घेतलीच पाहिजे. डाव्या कुशीवर झोपताच कामा नये. एकजण म्हणाला, म्हशीचं दूध बंद करून गाईचं सुरू केलंच पाहिजे, आणि ते म्हशीच्या देखत म्हणाला. माझ्या पोरांनी मस्टचा रकाना का भरला ते मला त्या आठवड्यात कळलं. मामंजी सगळ्यांना मान डोलावून, चहा पाजून वाटेला लावत होते.

नवऱ्यानं एकदा धीर केला. "आण्णा, आपरेशन केलंच पाहिजे," असं म्हणाला. मामंजी म्हणाले, "आधी गाडीची सर्विसिंग करून आण. आवाज येतोय तिचा." तो गाडी घेऊन गेला.

मी म्हशीकडून प्रयत्न केले. "आगं, तारीख जवळ आली गं," म्हटलं. "डाक्टर काय येडे हायत व्हय?" म्हटलं. सोप्यातून उत्तर आलं नाही. महिन्यातले अकरा दिवस उरले. शाळेत धडा शिकवताना मी मध्येच थांबायची. रात्री नवऱ्यावर चिडायची, सकाळी भाकरीच्या पिठावर. इतका हटवादी माणूस जन्मात बघितला नाही, असं मी शाळेतल्या बायकांना सांगत सुटले होते. खरं तर मला ते हवे होते. घरात ते असावेत, वह्या उलगडून माझ्या लाल शाईतल्या चुका काढाव्यात, एवढंच मला हवं होतं, पण ते कुणाला सांगायचं हेच कळत नव्हतं.

तेव्हा मला साहेब आठवले. मामंजी दर दिवाळीला त्यांना फोन करायचे, उभं राहून करायचे. डायरीतून नंबर काढून मी शाळेच्या मधल्या सुट्टीत, पटांगणाच्या टोकाला जाऊन फोन लावला. साहेब आता खूप म्हातारे झाले होते आणि उत्तरेत कुठंतरी डोंगरात राहत होते. मी सगळं सांगितलं.

"बेटा, वो मेरी मानेगा?"

"आपकी ही मानेंगे, सर."

"मेरी आँखें अब काम नहीं करतीं. तुम लिखकर भेज दो. मैं उसे आगे भेज दूँगा."

इंग्रजीच्या बाईला आणखी काय पाहिजे? मी स्टाफरूममध्ये बसून मजकूर तयार केला. यू मस्ट अंडरगो द ऑपरेशन विदाउट डिले. यू मस्ट ओबे द डॉक्टर. यू मस्ट नॉट से बघू. शेवटचं वाक्य खोडलं आणि त्याजागी ‘धिस इज अ‍ॅन ऑर्डर’ लिहिलं. पुन्हा वाचून बघितलं. एकदम कडक. हे वाचून माणूस काय, पुतळासुद्धा मिरजेला जाईल असं वाटलं, आणि मी तो साहेबांना पाठवून दिला.

रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते. सोप्यात फोन टिंग करून वाजला. मामंजी फोन हात लांब करून वाचतात, ओठ हलवत. ते वाचत असणार हे मला न बघताच कळत होतं, कारण पेपरची पानं वाजायची थांबली होती. मग खुर्ची सरकली. आता ते कपाटातली पिशवी काढतील, कपडे गोळा करतील, असं मी मनाशी म्हणत होते. पण पावलं स्वयंपाकघराकडं आली. मामंजी स्वयंपाकघराकडं यायचे ते खाकरून यायचे, सुनेनं पदर सावरावा म्हणून. त्या दिवशी खाकरले नाहीत. दारात येऊन उभे राहिले आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"नंबर सायबाचा हाय," ते म्हणाले. "शब्द तुजं हायत."

माझी तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. म्हशीला सांगावं तर म्हैस बाहेर होती.

"मी त्यांची पत्रं टाईप केल्यात, पोरी. हुकूम हाय आसं लिवायची पाळी त्यांच्यावर कवा आली न्हाई." मग म्हणाले, "तुला सांगायचं हुतं तर सांगायचं की. इतक्या लांबनं कशाला आणलं?"

"मी कशी सांगणार तुमाला?" मी म्हणाले.

बावीस वर्षांत मी त्यांना तोंडावर बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही उलट उत्तरच निघालं. माझे कान तापले. ते रागावतील असं वाटलं. पण त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट ओढला आणि चुलीपासून दोन हातांवर, आमच्या स्वयंपाकघरात, बसले. मी तवा खाली घेतला.

"हापिसात आसताना पाटणकडचं एक पोरगं हुतं," ते म्हणाले. "आपरेशनला निगालं. किरकोळच हुतं, हर्नियाचं. जाताना मला म्हणालं, साब, माजा रजेचा अर्ज टाईप करून ठेवा, आल्याव सई करतो. मी ठेवला करून. त्ये काय परत आलं न्हाई. मग त्येच्या आईला कळवायचं पत्रबी माज्याकडंच आलं. पयली वळ टाईप केली आन् बोटंच हालंनात. आर्धा दिस मशिनपुढं बसून हुतो." त्यांनी फोन उताणा करून पाटाशेजारी ठेवला. "लोकास्नी वाटतंय, मिल्ट्रीतला गडी, ह्येला कशाचं भ्या. मला लय भ्या वाटतंय, पोरी. डाक्टर बोलाय लागला की त्ये पोरगंच दिसतंय."

मला माझी लाज वाटली. इतके दिवस मी त्यांना हटवादी म्हणत होते आणि शाळेत सांगत सुटले होते. हा माणूस इतके दिवस एकटा भीत होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजत भीत होता, आणि घरात एकालाही ते सांगायची त्याची सोय नव्हती. माझ्यासारखीच. मला त्यांची इतकी माया आली की डोळ्यांतलं पाणी पुसायलाही मी तोंड फिरवलं नाही.

"मलाबी भ्या वाटतंय," मी म्हणाले. माझी शाळेतली भाषा कुठल्या कुठं गेली आणि वडूजची वर आली. "तुमी बांधावर बसला हुता त्या दिसापास्नं वाटतंय. रोज शाळंतनं येताना बांधाकडं बगून येते मी."

"मग?" त्यांनी विचारलं. अगदी साधं विचारलं, खरोखर माहीत नसल्यासारखं.

मी आठ वर्षं सल्ला आणि सक्ती शिकवत होते. त्यातलं काही कामाचं नव्हतं. भिऊ नका असं सांगण्याचा मला काय अधिकार? मी स्वतः भीत होते.

"मग काय. भ्या गेल्याव जाऊ म्हणून थांबलो तर त्ये काय जाणार न्हाई. भीतभीतच जाऊ. मी येते संगं."

"तुजी शाळा?"

"रजा टाकते."

"पोरांची परीक्षा आली."

"हुईल परीक्षा."

ते चुलीकडं बघत राहिले. "बघू," म्हणाले.

"मामंजी, बघू न्हाई."

मी हे मोठ्यानं म्हणाले. बाहेर म्हशीनं कान हलवले असतील. मामंजींनी वर बघितलं, आणि मिशीच्या एका टोकाला हसल्यासारखं झालं.

"बरं," ते म्हणाले. "आदी दुसरी भाकरी टाक. ती करपली."

ऑपरेशन झालं आणि मामंजी वाचले, हे इथंच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवायला मला आवडत नाही. सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

मिरजेला त्यांना हिरवा अंगरखा घालून स्ट्रेचरवर झोपवलं होतं. मिशी उतरवायला लागणार नाही असं नर्सनं तीनदा सांगितल्यावर ते निजले. नवऱ्यानं सगळ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. तो पायाशी उभा होता, मी जरा मागं, सून म्हणून जिथं उभं राहायचं तिथं. नर्स तरुण होती, बोलकी. तिनं नाडी बघत विचारलं, "काय आजोबा, घाबरलाय का?"

"छे हो," माझा नवरा म्हणाला. "मिलिटरीतले आहेत. ते कशाला घाबरतात?"

मामंजींनी मान वळवली. पोराच्या अंगावरून पलीकडं, मागं मला शोधलं. मी दिसल्यावर नर्सला म्हणाले, "लय भ्यालोय, बाई. हिला इचारा."

नर्सनं माझ्याकडं बघितलं. नवऱ्यानंही बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू पन्नाशीच्या माणसाला त्याचा बाप पहिल्यांदाच दाखवला आहे.

"हो," मी म्हणाले. "खूप घाबरलेत. मीपण."

"मग तुम्ही दारापर्यंत चला त्यांच्याबरोबर," नर्स म्हणाली. मी पुढं झाले. स्ट्रेचर हललं तसा मामंजींनी चादरीखालून हात काढला आणि माझा हात धरला, सगळ्यांच्या देखत, आणि दार येईपर्यंत सोडला नाही.